टोनी रोमो पुढची चाल आधीच कशी सांगतो? आणि निवृत्त क्वार्टरबॅकपैकी कुणाची कॉमेंट्री ऐकावी?

रोमो पूर्वी क्वार्टरबॅक होता, म्हणजे संघाचा हल्ला चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू; आता टीव्हीवर कॉमेंट्री करतो. तो पुढची चाल खरंच ओळखायचा, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक प्ले (खेळाची एक चाल) संपला की पुढच्यासाठी ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कोच क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर चाल सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद पडतो. त्यापुढे क्वार्टरबॅक एकटा. समोरच्या बचावाकडे बघून ठरलेली चाल ठेवायची की बदलायची, हे त्यालाच ठरवायचं असतं. रोमोने डॅलस काउबॉइज या संघाकडून हे वर्षानुवर्षं केलं.

नवख्या माणसालाही दिसेल अशी एक खूण सांगतो. चेंडू सुटण्याआधी, म्हणजे प्ले सुरू होण्याआधी, एखादा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) आडवा धावत दुसऱ्या बाजूला जातो. बचावातला एक खेळाडू त्याच्या मागोमाग गेला, तर बहुधा प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिलेला असतो. कुणीच हललं नाही, तर जागा वाटून घेतलेल्या असतात. मग सर्वांत मागे उभे असलेले सेफ्टी बघायचे, एक आहे की दोन. एवढ्यावरून चेंडू कुठे जाईल याचा अर्धा अंदाज येतो. जानेवारी २०१९ मध्ये कॅन्सस सिटीत चीफ्स आणि पेट्रियट्स यांचा सामना झाला (पेट्रियट्सनी तो ज्यादा वेळेत ३७-३१ असा जिंकला). पेट्रियट्सचा रॉब ग्रॉन्काउस्की बाहेरच्या कडेला उभा होता. सेफ्टी पुढे आला तर चेंडू तिकडेच जाईल, असं रोमो चेंडू सुटायच्या आधी म्हणाला, आणि चेंडू तिकडेच गेला. त्या रात्रीनंतर तर लोकांनी त्याला ज्योतिषीच ठरवलं.

माझं मत विचाराल तर ती त्याची बहराची वर्षं होती. एप्रिल २०१७ मध्ये निवृत्त झाला आणि सप्टेंबरात सीबीएस वाहिनीवर निवेदक जिम नँट्झच्या शेजारी बसला. ज्यांच्याविरुद्ध नुकताच खेळला होता तेच कोच, तेच बचाव समोर होते. आता कोच बदलले, पद्धती बदलल्या. हल्ली त्याच्या बोलण्यात उत्साह जास्त आणि माहिती कमी असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण चाल आधी ओळखणं हा या कामाचा सोपा भाग आहे. चूक नेमकी कुणाची, हे सांगणं जास्त अवघड, आणि मी कॉमेंट्री ऐकतो ती त्यासाठीच. इथे माझा माणूस ट्रॉय एकमन. काउबॉइजचा माजी क्वार्टरबॅक, तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेला, फॉक्सवर जो बक यांच्यासोबत वीस वर्षं बोललेला, २०२२ पासून ईएसपीएनच्या सोमवारच्या सामन्यांवर असतो. २०२४ मध्ये डॅलसच्या रेडिओवर त्याने काउबॉइजचे रिसीव्हर आळशासारखे रूट (ठरवून दिलेला धावण्याचा मार्ग) धावतात असं स्पष्ट सांगितलं. त्यातून सीडी लॅमसारख्या मोठ्या खेळाडूलाही वगळलं नाही. हे महत्त्वाचं का? क्वार्टरबॅक बऱ्याचदा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू फेकतो. रिसीव्हरने दोन पावलं ढिली टाकली, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडला, तर आकडेवारीत ती चूक क्वार्टरबॅकच्या नावावर लागते. टीव्हीसमोरचे आपण त्यालाच शिव्या देतो. खरा दोष कुणाचा हे सांगायला ते चेंडू स्वतः टाकलेला माणूस लागतो, आणि शिवाय आपल्याच जुन्या संघाबद्दल कडू बोलायची तयारी लागते. मी डॅलसजवळ राहतो. इथे काउबॉइजबद्दल असं बोलणं किती जणांना झोंबतं, ते रोज ऐकतो.

निवृत्त क्वार्टरबॅक म्हटलं की टॉम ब्रेडीबद्दलही बोलायला हवं. सात सुपर बोल जिंकलेला माणूस, फॉक्सशी दहा वर्षांचा करार, बातम्यांनुसार ३७.५ कोटी डॉलर्सचा. २०२४ च्या सुरुवातीच्या सामन्यांत अडखळत होता, नंतर सुधारला. क्वार्टरबॅकच्या नजरेबद्दल बोलतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. माझा आक्षेप वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तो लास व्हेगस रेडर्सचा भागीदार-मालक आहे. त्यामुळे लीगने (एनएफएलने) त्याच्यावर बंधनं घातली: इतर संघांच्या सरावाला जायचं नाही, पंचांवर जाहीर टीका करायची नाही. सामन्याआधी कॉमेंटेटर कोच आणि खेळाडूंना भेटून माहिती घेतात. त्या बैठकाही पहिल्या वर्षी त्याला बंद होत्या, २०२५ मध्ये दुरून भाग घ्यायची मुभा मिळाली. आणि त्याच सप्टेंबरात तो रेडर्सच्या कोचिंग बूथमध्ये हेडसेट लावून बसलेला दिसला. लीग म्हणते, नियम मोडला नाही. नसेल मोडला. पण पंचांचा निर्णय उघडउघड चुकला असताना ज्याला मोकळेपणाने बोलता येत नाही, त्याच्याकडून मला पूर्ण सामना मिळत नाही. ब्रेडीसाठी फॉक्सने ग्रेग ओल्सनला पहिल्या जोडीतून खाली आणलं. ओल्सन क्वार्टरबॅक नव्हता, टाइट एंड (अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू) होता, तरी समजावून सांगण्यात तो ब्रेडीपेक्षा सरस आहे.

तेव्हा सुरुवात एकमनच्या एखाद्या सोमवारच्या सामन्याने करा. भारतातून बघत असाल तर तो मंगळवारी पहाटे लागतो. चेंडू सुटेपर्यंत क्वार्टरबॅककडे बघू नका, मागच्या सेफ्टींकडे बघा, आणि कान एकमनकडे ठेवा.