आयावास्का: ‘आयु’चा काडीचाही संबंध नाही

प्रश्न असा आला आहे. “पुतण्या पेरूमध्ये इकीतोसजवळच्या जंगलात एका ‘हीलिंग रिट्रीट’ला निघाला आहे. त्याने पाठवलेल्या मराठी पत्रकात ‘आयुहास्का’ असे छापले आहे आणि खाली ‘आत्म्याची वेल, आयुर्वेदाची अमेरिकन बहीण’ असे वर्णन आहे. हा शब्द संस्कृत ‘आयुस्’वरून आला का? मराठीत तो कसा लिहावा? आणि ‘सेरेमनी’ला सोहळा म्हणावे की विधी?”

आयावास्का ही अॅमेझॉनच्या जंगलातली एक वेल, आणि तिच्यापासून केलेल्या भ्रम दाखवणाऱ्या काढ्याचेही तेच नाव. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. अजिबात नाही. जगातला कुठलाही शब्द दिसला की त्याला संस्कृतचे शेपूट लावून पाहायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ‘आयुहास्का’ तर त्याहून पुढचा प्रकार आहे. इथे आधी शब्दच मोडला आणि मग मोडक्या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. हे रूप मी हल्ली योगवर्गाच्या जाहिरातींतही पाहतो आणि दर वेळी दात-ओठ खातो.

लेखनाचे आधी उरकून टाकू. ‘आयावास्का’ लिहावे. हा शब्द क्वेच्वा या अँडीज पर्वतातल्या, पेरूच्या जुन्या इंका राजांच्या भाषेतला. स्पॅनिश लोकांनी त्या भाषेतले शब्द रोमन लिपीत उतरवले, तेव्हा त्यांच्या लेखनात ‘व’च्या त्या उच्चाराला सोयीचे अक्षर नव्हते, म्हणून त्यांनी ‘एच-यू’ ही जोडी वापरली. स्पॅनिशमध्ये ‘एच’ मुका असतो. त्यामुळे कागदावर कितीही ‘हुआ’ दिसले तरी तोंडात ‘वा’च असतो. पेरूत 1975 साली क्वेच्वाला राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि आजच्या क्वेच्वा लेखनात हा शब्द सरळ ‘डब्ल्यू’नेच लिहितात. ‘अयाहुआस्का’ म्हणणारा माणूस इंग्रजी डोळ्यांनी स्पॅनिश अक्षरे वाचत असतो. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज वळणाने ‘होआस्का’ असेही लिहितात, तिथेही ‘ह’ मुकाच. वेगळ्या देशाचे वेगळे रूप म्हणून ते चालेल. ‘आयुहास्का’ कुठल्याच देशाचे नाही.

आता शब्दाची फोड. आया + वास्का. ‘वास्का’ म्हणजे दोर, आणि जंगलात वेल. यावर वाद नाही, त्याच्याकडे मी सवडीने येणार आहे. भांडण आहे ते ‘आया’वर.

सर्वमान्य मत असे की ‘आया’ म्हणजे मृत. 1608 साली छापलेल्या गोन्सालेस ओल्गिन या जेझुइट पंथाच्या पाद्र्याच्या क्वेच्वा कोशात ‘आया’चा अर्थ प्रेत असा दिला आहे. पेरूतल्या आयाकूचो शहराच्या नावाचा अर्थ ‘मेलेल्यांचा कोपरा’ असाच सांगतात. इंकांच्या पंचांगात नोव्हेंबरच्या सुमाराचा महिना ‘आया मार्काय’, म्हणजे पूर्वजांची कलेवरे खांद्यावर घेऊन मिरवण्याचा महिना होता. तेव्हा अर्थाला पुरावा भरपूर आहे.

पण याच्या इंग्रजी भाषांतरात ‘सोल’ घुसला, आणि तिथून मराठीत ‘आत्म्याची वेल’ आली. इथे माझा आक्षेप आहे. आत्मा जिवंत माणसातही असतो. ‘आया’ जिवंत माणसात नसते. आणि मौज अशी की मराठीला नेमका शब्द शोधायला कुठे जायलाच नको, तो घरातच पडून आहे: प्रेत. संस्कृतात ‘प्र + इत’, पुढे निघून गेलेला. आपण ‘प्रेत उचलले’ म्हणतो तेव्हा तो देह असतो आणि ‘प्रेतयोनी’ म्हणतो तेव्हा तो भटकणारा जीव असतो. क्वेच्वातल्या ‘आया’चेही हुबेहूब हेच झाले आहे. अँडीज पर्वतातल्या जुन्या कोशांत ती कलेवर आहे, तर खालच्या जंगलातल्या किचवा, म्हणजे क्वेच्वाच्याच बोलींत मेलेल्याचा वावरणारा जीव. म्हणून शब्दाला शब्द द्यायचाच तर ‘प्रेतवेल’. पत्रकवाल्यांना हा शब्द आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तीन जेवणे आणि झुल्याच्या खोलीसह ‘प्रेतवेल शिबिर’ विकणे अवघड आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की हा ‘आया’ मुळात मृत नव्हेच. क्वेच्वाच्या काही बोलींत ‘हाया’, ‘हायाक’ म्हणजे कडू किंवा जिभेला झोंबणारे. त्यातला तोंडचा ‘ह’ गळाला की ‘कडू वेल’ तयार. काढा चाखलेला प्रत्येक माणूस या पक्षाला मत देईल, कारण त्या काढ्याइतकी कडू, तुरट, चिखलासारखी चव दुसऱ्या कशाची नाही असे पिणारे एकमुखाने सांगतात. आपल्या गुळवेलीचे उदाहरण इथे उपयोगी पडते. गुळवेल जिभेवर ठेवा, कडूजहर. मग ‘गुळ’ कुठला? तो संस्कृत ‘गुडूची’तला आहे. गुडूचीची गुळवेल झाली आणि लोकांना त्यात गूळ ऐकू येऊ लागला. कडू पक्षाचे म्हणणे तेच: मूळ कडू, आणि ऐकणाऱ्याला ‘प्रेत’ ऐकू आले.

युक्तिवाद देखणा आहे, पण मला पटत नाही. ‘हायाक’मधला शेवटचा ‘क’ कुठे गेला, याचे उत्तर हा पक्ष ‘गेला असेल’ असे देतो. व्युत्पत्तीत ‘गेला असेल’ला जागा नाही. नुसत्या ‘हाया’पासून निघाले म्हणावे, तर जिथे तोंडचा ‘ह’ गळतो त्याच बोलींत शेवटचा ‘क’ टिकलेला दिसतो. ही अडचण झटकून ‘प्रेत हा अर्थ पाद्र्यांनी लादला’ असे ठोकून देणाऱ्या विद्वानांना माझे सांगणे एवढेच की आधी बोलींचा नकाशा समोर घ्या.

(जाता जाता एक धोक्याची सूचना. आपल्याकडे मुले सांभाळणारी ‘आया’ पोर्तुगीज ‘आइया’वरून आली, आणि तिचे मूळ लॅटिनमधल्या आजीवाचक शब्दात सांगतात. तिकडे आयावास्का पिणारे या वेलीला लाडाने ‘आबुएला’, म्हणजे आजी म्हणतात. उद्या कोणीतरी हे दोन धागे जोडून लेख लिहील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध शून्य.)

आता वास्का. हा शब्द माझा लाडका आहे.

डोंगरावरच्या क्वेच्वात वास्का म्हणजे दोर, दोरखंड. अर्जेंटिना, चिलीकडच्या स्पॅनिशमध्ये तो ‘वास्का’ किंवा ‘ग्वास्का’ होऊन चामड्याची वादी आणि चाबूक झाला. जंगलात उतरला तेव्हा तिथे दोर म्हणजे वेलच, म्हणून कुठलीही वेल वास्का झाली. लवंगेच्या वासाची एक वेल आहे, तिला पेरूत ‘क्लावोवास्का’ म्हणतात. ‘क्लावो’ स्पॅनिश, ‘वास्का’ क्वेच्वा. आयावास्काची जून वेल पाहिली तर तिचे पदर एकमेकांना पीळ घालून बसलेले दिसतात. दोर म्हणावे की वेल, असा प्रश्नच पडू नये.

आणि याच दोरात एक राजा अडकला आहे. अखेरच्या इंका राजांपैकी आतावाल्पाचा सावत्र भाऊ वास्कार. इतिहासकार गार्सिलासो दे ला वेगा याची आई इंका राजघराण्यातली, त्यामुळे क्वेच्वा त्याने आईच्या तोंडून ऐकलेली. 1609 साली छापलेल्या ग्रंथात तो सांगतो की वाइना कापाक राजाने या थोरल्या मुलाचे जावळ आणि बारसे करायचे ठरवले. सणाला लोक हातात हात गुंफून नाचत. त्या हातांच्या साखळीऐवजी नाचणाऱ्यांनी धरायला राजाने खरीखुरी सोन्याची साखळी घडवून घेतली. क्वेच्वात साखळीला वेगळा शब्द नव्हता, दोरालाच धातूचे नाव जोडून काम भागवत. म्हणून मुलाचे नाव ‘वास्का’ ठरले. पण भावी राजाला ‘दोर’ म्हणून हाक मारायची? मग शेवटी ‘र’ चिकटवला, की अर्थ निघून जावा आणि आठवण राहावी. वास्कार!

इतर बखरकार म्हणतात की ही सगळी दंतकथा आहे, राजपुत्र ज्या गावी जन्मला त्या गावाचे नाव त्याला मिळाले. असेल. पण गावाला ते नाव कशावरून मिळाले, हे त्यांना विचारा. शिवाय अर्थ मारण्यासाठी मुद्दाम एक अक्षर जोडणे हा तपशील कोणी उगाच रचत नाही. ज्याला भाषा आतून माहीत आहे त्यालाच तो सुचतो. मी गार्सिलासोच्या बाजूचा आहे. सोन्याची ती साखळी स्पॅनिशांना कधीच सापडली नाही, आणि वास्कार 1532 मध्ये भावाच्या माणसांकडून मारला गेला.

पण मग डोंगरावरची क्वेच्वा दाट जंगलातल्या वेलीला चिकटली कशी? पत्रके याचे उत्तर ‘इंकांचे हजारो वर्षांचे औषध’ असे देतात. माझे उत्तर वेगळे आहे: हे नाव बाहेरच्यांनी दिले. वापरणाऱ्यांची स्वतःची नावे पाहा. शुआर लोक तिला ‘नातेम’ म्हणतात. उकायाली नदीकाठचे शिपिबो ‘ओनी’. दक्षिण कोलंबियात ‘याहे’. आशानिंका ‘कामारांपी’ म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी ओकणे आहे, कारण हा काढा पोटातले सगळे बाहेर काढतो. स्पॅनिश बोलणारे गावकरीही त्याला ‘ला पुर्गा’, रेचक असेच म्हणत आले. या यादीत प्रेत कुठेही नाही. प्रेत आहे ते फक्त क्वेच्वात. आणि जंगलात क्वेच्वा पसरवली कोणी, तर 1638 नंतर माइनास या जंगलभागातल्या मिशनांत जेझुइटांनी. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना एका वस्तीत आणून त्यांच्याशी बोलायला त्यांनी ही ‘सामान्य भाषा’ वापरली. पुढे रबराच्या धंद्यात जंगलभर माणसे ओढली गेली, तेव्हा ती आणखी पसरली.

मानववंशशास्त्रज्ञ पीटर गो याने तर 1994 मध्ये याच्याही पुढे जाऊन मांडले की नुसते नाव नव्हे, पश्चिम अॅमेझॉनमधली आजची उपचारपद्धतीच मिशने आणि रबराच्या काळात घडली. त्यावर विरोधक बोलिव्हियातल्या एका गुहेतली चामड्याची पिशवी पुढे करतात. तिचे संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्या पिशवीत हार्मिन (वेलीतले द्रव्य) आणि डीएमटी (काढ्यातले भ्रम घडवणारे द्रव्य) दोन्हींचे अंश सापडले. पिशवी महत्त्वाची खरीच, पण ती डोंगराळ, कोरड्या भागातली आहे, आणि दोन द्रव्ये एका पिशवीत होती म्हणजे ती एका भांड्यात उकळली असे होत नाही. आणि वेलीला तेव्हा काय म्हणत, हे काही पिशवी सांगणार नाही.

‘आयुर्वेदाची बहीण’ हे नाते शोधायचेच असेल तर वनस्पतिशास्त्रात शोधा, तिथे खरे मिळेल. ही वेल इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस याने 1852 मध्ये ब्राझीलच्या उआउपेस नदीवर टिपली. तिचे आजचे शास्त्रीय नाव बॅनिस्टेरिओप्सिस कापी, आणि तिचे कुळ तेच जे आपल्या माधवीलतेचे. सह्याद्रीत हळदवेल म्हणून वाढते ती माधवी या प्रेतवेलीची दूरची नातलग आहे. गुण मात्र सारखे नाहीत, कोणी काढा करायला जाऊ नये.

काढ्यात नुसती वेल नसते. तिच्याबरोबर ‘चाक्रूना’ची पाने घालतात, हे झुडूप कॉफीच्या कुळातले. डीएमटी असते ते या पानांत. ते एकटे पोटात गेले तर शरीरातले एक विकर (एन्झाइम) त्याचा निकाल लावते. वेलीतले हार्मिन आणि हार्मालिन त्या विकराला रोखून धरतात, म्हणून डीएमटी डोक्यापर्यंत पोहोचते. (पुतण्या नैराश्याच्या गोळ्या घेत असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. हे मिश्रण जिवावर बेतू शकते.) आता चाक्रूना या नावाची गंमत: क्वेच्वात ‘चाक्रुय’ म्हणजे मिसळणे. झुडपाचे नावच ‘मिसळण’! झाड काय आहे यापेक्षा ते कशासाठी आहे हे ज्यांना महत्त्वाचे, त्यांनी ठेवलेले नाव. आणि ‘हार्मिन’ हा शब्द अॅमेझॉनचा नाहीच. तो अरबी ‘हर्मल’वरून आला. इराणात दृष्ट काढायला ज्या बिया निखाऱ्यावर टाकतात त्या हर्मलच्या. द्रव्य आधी त्या बियांत सापडले. कोलंबियात ते वेलीतून निघाले तेव्हा कोणी हौसेने त्याला ‘टेलेपथिन’ नाव दिले होते. पुढे दोन्ही एकच निघाले आणि टेलेपथिन कोशातून बाद झाले. बरे झाले.

सेरेमनीचे राहिलेच. ‘सोहळा’ नको. सोहळ्यात हारतुरे असतात, इथे प्रत्येकाच्या पुढ्यात ओकायला बादली असते. रात्री मालोका नावाच्या गोल झोपडीत दिवा मालवतात, मापाचो तंबाखूचा धूर फुंकतात, आणि उपचार करणारा अंधारात एकेकासमोर बसून ‘इकारो’ ही उपचाराची गाणी गातो. विधी म्हणा, चालेल. त्या माणसाला ‘शमन’ मात्र लिहू नका. तो शब्द सैबेरियातल्या तुंगुस भाषांतला, आणि ‘रोगाचे शमन करतो तो शमन’ ही फोड तर कीर्तनातही चालणार नाही. पेरूत त्याला कुरांदेरो म्हणतात, शिपिबो ओनान्या म्हणतात. आणि पुतण्याला हेही सांगा की जुन्या पद्धतीत बऱ्याच ठिकाणी काढा वैद्यच पीत असे, रोग्याचे दुखणे कुठे आहे ते पाहण्यासाठी. रोगी नुसता पडून राही. रोग्याने पैसे भरून प्यायचे, ही रीत नंतरची.