कागदावर नसलेली आजी

पत्र : "माझी मुलगी पुण्यात तिच्या मैत्रिणीसोबत राहते. दोघी जोडीदार आहेत, हे आम्ही उशिरा का होईना स्वीकारलं. त्या मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी मुलगी दत्तक घेतली. पोर मला आजी म्हणते. यजमान म्हणतात, 'कागदोपत्री आपला संबंध काय? फार जीव लावू नकोस.' पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. तिथे तिची ओळख काय करून देऊ? – एक आजी, नाशिक"

ताई, सही तर 'एक आजी' अशी केलीत. मग मला काय विचारता?

'ही माझी नात', बस्स. कोणी खोदून विचारलंच, तर 'माझ्या लेकीची' म्हणायचं आणि पंगतीकडे वळायचं. सगळी कहाणी चुलत सासूबाईंना मांडवातच सांगायला हवी असं नाही. मात्र किती सांगितलेलं चालेल, हे त्या दोघींना आधी विचारा.

यजमानांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. आपल्याकडे अविवाहित बाईला एकटीला मूल दत्तक घेता येतं, दोघींना मिळून नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, आणि अशा जोडप्यांनी मिळून दत्तक घेण्याचा मुद्दाही तीन विरुद्ध दोन असा फेटाळला गेला. म्हणजे रात्री उठून ताप बघणारी, सकाळी डबा भरणारी तुमची लेक कायद्याच्या लेखी त्या पोरीची कुणीच नाही. मला हे संतापजनक वाटतं.

म्हणून जीव कमी लावू नका, कागद वाढवा. पोरीच्या आईने वकील गाठून मृत्युपत्र करावं आणि आपल्या पश्चात पालक म्हणून तुमच्या लेकीचं नाव घालावं. वाद झालाच तर न्यायालय मुलीचं हित बघेल, पण आईची इच्छा लेखी असलेली बरी. शाळेतून न्यायला कोण येणार, अडीअडचणीला फोन कुणाला करायचा, तिथे लेकीचं नाव द्या, तुमचंही द्या. बँकेत दोघींचं संयुक्त खातं उघडायला, एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे.

यजमानांशी वाद घालत बसू नका. पोरीला चार दिवस नाशिकला आणा आणि संध्याकाळी गंगेवर फिरवून आणायचं काम त्यांच्या गळ्यात घाला. मानलेल्या बहिणीकडे दर भाऊबीजेला जाणारी माणसं आपल्याच घरांत असतात, त्यांना कुणी कागद मागत नाही.

आणि लग्नाचं आमंत्रण लेकीमार्फत पाठवू नका. तिच्या जोडीदाराला तुम्ही स्वतः फोन करा.