भाकरी टॅलीवर, मग मॅक कशाला?

सांगलीच्या एका वाचकताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "घरून छोट्या दुकानदारांची आणि दोन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची हिशेबाची, जीएसटीची कामं करते. २०१७ सालचा लॅपटॉप (सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज १०) फार रखडतो. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, मॅकबुक एअर घे, दहा वर्षं बघायला नको. त्याचा भाव ९४,००० सांगितलाय, विंडोजवाल्याचा ५६,०००. महिन्याला साधारण ३८,००० सुटतात, अडीअडचणीचे म्हणून १ लाख २० हजार बाजूला आहेत. ते न मोडता मॅक नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? टॅक्समध्येही वाचतील ना?"

ताई, मॅकची तारीफ भाचा उगाच करत नाहीये. बॅटरी दिवसभर पुरते, पंखाच नसल्यामुळे आवाज नाही, विकायला काढला तर किंमतही बरी येते. तुमचं काम व्हिडिओ एडिटिंगचं असतं तर मी आडकाठी केली नसती. पण तुमचं पोट टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि टॅलीला विंडोज लागतं.

"मॅकवर विंडोज टाकता येतं की," असं भाचा म्हणेल. येतं, पण त्यासाठी पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घ्यायचं, त्याची दरवर्षी वर्गणी भरायची. आणि खरी गोम पुढेच आहे. २०२० च्या शेवटापासून अ‍ॅपल स्वतःची चिप वापरतं. तिच्यावर जे विंडोज चालतं ते एआरएम जातीचं. नेहमीचे प्रोग्रॅम त्यावर बहुतेक चालून जातात, पण प्रिंटर, डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम, मात्र खास त्याच जातीचे लागतात आणि ते सगळ्यांचे मिळत नाहीत. कंपन्यांच्या जीएसटी रिटर्नला डीएससी लागतेच. २० तारखेच्या संध्याकाळी ३बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरून तयार आहे आणि टोकन दिसतच नाही, तर पार्टी मॅकला नाही, तुम्हाला बोलणार.

आता पैशांचं. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, तेवढीच सूट विक्रेता किमतीत देतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या खिशातून जातो. व्याज सहा हजार धरलं तर हे झाले हजारावर, वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोखीने घेतल्यावर दुकानदार जे कमी करतो ते गेलंच. नऊ महिन्यांचा हप्ता दहा हजार चारशेच्या पुढे जातो. ३८ हजारांत तो ओढायचा, आणि मार्चअखेर झाल्यावर पार्ट्या फी किती लांबवतात ते मी तुम्हाला काय सांगू!

टॅक्सचं म्हणाल तर काही वाचणार नाही. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तुम्ही अनुमानित उत्पन्नावर, म्हणजे जमेचा ठरावीक टक्का नफा धरून, रिटर्न भरता असं लिहिलंय. त्यात घसारा आधीच वजा झाला असं धरतात, वेगळा मागता येत नाही. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे बिलातल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावटही नाही.

मग जुन्यातच एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान डिस्क) घालून भागवावं का? वेग येईल, पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराला सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तुमची एका पायरीने हुकली. लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट ज्या मशीनवर पडलेत ते असं उघडं ठेवू नये.

तेव्हा ५६,००० चा घ्या, बाजूच्या पैशांतूनच, रोखीने. ६४ हजार शिल्लक राहतात. हप्त्यात गेले असते ते दहा हजार दरमहा परत त्यात टाका, सहा महिन्यांत खड्डा भरतो. घेताना १६ जीबी रॅम आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी बघा. दुकानदार ऑफिसचं पॅकेज, बॅग, माउस गळ्यात मारेल, त्यातलं लागेल तेवढंच घ्या.

बदल २० तारीख उलटल्यावर करा, म्हणजे ११ तारखेच्या आर-१ (विक्रीच्या जीएसटी रिटर्न) पर्यंत हात बसायला वेळ मिळतो. आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, जुन्या मशीनवरचं लायसन्स सरेंडर करा, मग नव्यावर चालू करा. जुना लॅपटॉप महिनाभर तसाच राहू द्या. पुढे भंगारात द्याल तेव्हा हार्ड डिस्क काढून घेऊनच द्या.