पोरगी जागी असतानाच चित्र काढ

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. मुलगी झाल्यापासून ब्रश हातात घेतला नाही, आता ती शाळेत जायला लागली की बघू असं लिहिलंस, तर तेव्हा नको बघू, आत्ताच चित्र काढ, ती जागी असताना, तिच्या बाजूला बसून.

आपल्या आसोद्याची बहिणाबाई (१८८०-१९५१) आठव ना. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरुणपणीच नवरा गेला, पदरात पोरं, शेताचं काम, आणि ओव्या सुचल्या त्या दळता दळता नि शेतात राबता राबता. सोपानदेवांनी, म्हणजे तिच्या पोरानंच, काही टिपून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या, आणि पुस्तक निघालं १९५२ ला, ती गेल्यावर. छापून येईल म्हणून ती गात नव्हती रे, गायल्याशिवाय राहवत नव्हतं म्हणून गात होती.

तू मोठा कॅनव्हास सध्या बाजूला ठेव. पोस्टकार्डाएवढे कागद कापून घे, एक काळा बॉलपेन आणि वॉटरकलरचे दोनच रंग, बस. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला की पुढचा स्ट्रोक मारेपर्यंत सुकून जातो, म्हणून दुपारी पेन आणि रंग संध्याकाळी, नाहीतर कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करून घे. पोरगी रडली तर रेघ अर्ध्यात सोडून उठ, पेनाची रेघ उद्या तिथूनच पुढं नेता येते. विषय शोधत बसू नको, गच्चीवर वाळत घातलेले बिबड्यांचे पापड आहेत, भरताची वांगी आहेत, तिची इवलीशी चप्पल आहे.

तिलाही कागद दे आणि "हे काय काढलं?" असं अजिबात विचारू नको, या वयात तिला नुसता हात फिरवण्यातच मजा येते. ती मजा तू तिच्याकडं बघून परत शिक, मला खरंच वाटतं तुझी तीच हरवलीय, वेळ नाही हरवलेला. पण तुझा कागद मात्र तुझाच, तिनं मागितला तरी दुसरा दे.

आणि रविवारी सकाळी एक तास फक्त तुझा ठरव, तेवढाच एक तास सूनबाईला पण, तिला काही करायचं असेल ते करू दे, झोपायचं असेल तर झोपू दे, पोरीला तू सांभाळ. हे केलं नाहीस तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

चित्र झालं की लगेच स्टेटसला टाकू नको, काही दिवस घरात राहू दे. दिवाळीला जळगावला येशील तेव्हा सगळे कागद घेऊन ये, अर्धवट राहिलेले पण, निवडून आणू नको. पोरीचे पण आण.

तुझे सर