थीम पार्कमधील नोकरी : ‘वर्क व्हिसा’ म्हणून नेमके काय मिळते?

प्रश्न : माझ्या मुलाने यंदाच नाशिकमध्ये हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली. अमेरिकेत ऑरलँडो येथील थीम पार्कच्या हॉटेलात १२ महिन्यांचा ‘वर्क व्हिसा’ मिळवून देतो, पुढे कंपनीच त्याला कायम करून घेईल, असे गंगापूर रोडवरील एक एजंट सांगतो. विश्वास ठेवावा का? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : एजंट ज्याला वर्क व्हिसा म्हणतो, तो बहुधा जे-१, म्हणजे सांस्कृतिक आदानप्रदानाचा व्हिसा असावा. नव्या पदवीधरांना त्यातील ‘इंटर्न’ वर्गात नेतात आणि पदवीनंतर १२ महिन्यांच्या आत कार्यक्रम सुरू व्हावा लागतो. याची जबाबदारी पार्ककडे नसून अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या ‘स्पॉन्सर’ संस्थेकडे असते आणि डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र तीच संस्था देते. त्याच्या तिसऱ्या रकान्यात मुदतीच्या तारखा आणि चौथ्यात वर्ग लिहिलेला असतो. एजंटाच्या माहितीपत्रकाऐवजी हे दोन रकाने आधी वाचावेत. मुदत संपल्यावर मिळणारे ३० दिवस आवराआवर करून निघण्यासाठी असतात, कामासाठी नव्हे.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा. हॉटेल क्षेत्रातील कार्यक्रम सहा महिने किंवा अधिक काळाचा असेल, तर किमान तीन विभागांत फिरवून शिकवणे बंधनकारक आहे. त्यामुळे आराखड्यात बाराही महिने केवळ हाउसकीपिंग लिहिले असेल आणि फ्रंट ऑफिस, किचन किंवा बँक्वेट यांचा उल्लेखच नसेल, तर ते नियमात बसत नाही आणि, माझ्या मते, असा आराखडा सही न करता परत द्यावा.

‘कायम करून घेतील’ हे आश्वासन मात्र पोकळ आहे, कारण जे-१ संपल्यावर नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही आणि त्यासाठी मालकाला वेगळा व्हिसा अर्ज करावा लागतो. जे-१ संपल्यावर मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट लावणाऱ्या अमेरिकी कौशल्ययादीतून भारताचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळले गेले, ही बातमी एजंट हमखास पुढे करतात. परंतु त्याने एक अडसर दूर झाला, नोकरी मिळाली नाही. (ऑरलँडोच्याच एपकॉट या थीम पार्कमधील देशोदेशींच्या दालनांत काम करणाऱ्यांचा क्यू-१ व्हिसा निराळा. त्याची कमाल मुदत १५ महिने असते, आणि त्या ११ दालनांत भारताचे दालन नाही.)

प्रश्न : माझा पुतण्या बारावी उत्तीर्ण आहे. दुबईच्या पार्कमधील राइड चालवण्याच्या कामासाठी ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ असे त्याला सांगितले आहे. (नाशिक रोड)

उत्तर : जाऊ देऊ नये. तेथे व्हिसाचा प्रकार बदलता येतो हे खरे, पण कामाचा परवाना हाती येण्यापूर्वी केलेले काम बेकायदाच ठरते. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो. भारतातील नोंदणीकृत भरती एजंटाला ₹ ३०,००० आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटाचा परवाना क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. दहावी उत्तीर्णांना उत्प्रवास मंजुरी, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वीची सरकारी परवानगी, लागत नाही, म्हणून अशी मुले या सरकारी तपासणीच्या बाहेर राहतात आणि एजंट नेमके तेच हेरतात. कामाच्या परवान्याची प्रत आणि मालकाच्या सहीचे नियुक्तिपत्र हाती आल्याखेरीज तिकीट काढू नये व पैसेही देऊ नयेत.