बारावीचा वर्ग ऐकतच नाही, काय करू?

"मुलं मला मोजतच नाहीत हो", नव्याने शिकवायला लागलेल्या शिक्षकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की काय सांगू. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मॅडम 27 वर्षांच्या, तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर मराठी शिकवायच्या. बारावी आर्ट्स, पटावर 70, वर्गात कधी 30 तर कधी 60. मागून शिट्ट्या, बाकाखाली रील्स, हजेरीला एकाच्या नावावर दुसऱ्याचं 'प्रेझेंट'. रविवारी संध्याकाळीच यांच्या पोटात गोळा यायचा. स्टाफरूमचा सल्ला काय, तर एकाच्या कानाखाली द्या, बाकीचे सुतासारखे सरळ होतात! (2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम मारायला आणि मानसिक छळाला मनाई करतं, पण तो कायदा 14 वर्षांपर्यंतच आहे ना मग बारावीतल्याला चालतं, असं म्हणणारे महाभाग पण मी पाहिलेत.)

मारलं नाही त्यांनी, पण धमकी दिली, तोंडीचे 20 मार्क माझ्या हातात आहेत म्हणून. वर्ग खो-खो हसला, कारण तोंडीला कुणाचे मार्क कापत नाहीत हे आधीच्या बॅचने सांगूनच ठेवलेलं असतं. जे आपण करणार नाही ते बोलूच नये, पोरं बरोब्बर ओळखतात.

मी त्यांना कोरा कागद दिला, म्हटलं बाक काढा आणि कोण कुठे बसतं ते लिहा. 11 नावं आली. सगळी दंगेखोरांची. रोज वही उघडून बसणाऱ्या पोरींपैकी एकीचंही नाव आठवेना, आणि तिथे त्या एकदम गप्प झाल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या तासाला नाव मिळवायचं तर शिट्टी मारायला हवी."

पुढचे तीन आठवडे एवढंच काम, रोज पाच नवी नावं आणि त्यांनाच प्रश्न. आणि त्या म्होरक्याशी वर्गासमोर वाद बंद, कारण 17 वर्षांचा मुलगा चारचौघांत माघार घेत नसतो, घेईल तरी कसा, पोरी बघत असतात. तास संपल्यावर दाराशी दोन मिनिटं बोलायचं, तेही आवाज न चढवता. पहिल्यांदा तो नुसता जमिनीकडे बघत राहिला, दुसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळ्यांसमोर इज्जत काढता." उशिरा येणं काही त्याने सोडलं नाही, पण मुकाट्याने मागे जाऊन बसायला लागला.

शिट्ट्या दिवाळीनंतर कमी झाल्या. शनिवारचा शेवटचा तास मात्र तसाच आहे, तेव्हा त्या शिकवायच्या भानगडीत पडतच नाहीत, फळ्यावर बोर्डाचा जुना प्रश्न लिहितात, उत्तर लिहायला लावतात आणि बाकांमधून फिरत राहतात.