एमीची नामांकने आणि विजेते: या याद्या कशा वाचाव्यात

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेला अमेरिकी टेलिव्हिजनच्या एमी पुरस्कारांची 53 नामांकने मिळूनही एकही पुरस्कार मिळू नये, यात काही काळेबेरे आहे का, ही पहिली. आणि ‘दिल्ली क्राइम’ला एमी मिळाला असे सगळे सांगतात, तर सप्टेंबरमध्ये जाहीर होणाऱ्या विजेत्यांत ती कुठेच का सापडत नाही, ही दुसरी. गोव्यात एमीचा सोहळा थेट पाहायचा म्हणजे सोमवारी पहाटे साडेपाचला, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजण्याच्याही आधी, टीव्हीसमोर बसावे लागते. ते मी बरीच वर्षे हौसेने करत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काळेबेरे नाही. नामांकन आणि विजय या दोन वेगळ्या मतदानांतून निघणाऱ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यात भरघोस यश मिळवणारी मालिका दुसऱ्यात रिकाम्या हाताने परतू शकते. लॉस एंजेलिसच्या टेलिव्हिजन अकादमीचे वीस हजारांहून अधिक सदस्य आहेत आणि ते व्यवसायानुसार गटांत विभागलेले आहेत. अभिनेत्यांची नामांकने अभिनेते ठरवतात, दिग्दर्शकांची दिग्दर्शक, संकलकांची संकलक. सर्वोत्कृष्ट मालिकेसाठी मात्र सगळ्यांनाच मत देता येते. नामांकनाच्या फेरीत सदस्याला एका विभागात एकाहून अधिक नावे सुचवता येतात. अंतिम फेरीत त्याला एकच निवडावे लागते, आणि सर्वांत जास्त मते ज्याला पडतील तो जिंकतो. आपल्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत परीक्षक सगळे प्रयोग नाट्यगृहात बसून पाहतात, आपसांत चर्चा करतात आणि मग निकाल लावतात. एमीच्या मुख्य विभागांत अशी चर्चा कुठेच होत नाही. हजारो माणसे आपापल्या घरी बसून मत देतात, त्यामुळे निकालात कोणाची योजना शोधू नये.

आता ‘बेटर कॉल सॉल’कडे पाहा. तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे नामांकन सात वेळा मिळाले. त्यांपैकी 2015, 2016 आणि 2019 मध्ये समोर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ होती, 2017 मध्ये ‘द हँडमेड्स टेल’, आणि उरलेल्या तिन्ही वेळा ‘सक्सेशन’. ज्या सदस्याला दोन-चार मालिका आवडतात तो नामांकनाच्या वेळी ‘बेटर कॉल सॉल’चे नाव घालतोच, पण एकच निवडा म्हटले की त्या वर्षी ज्या मालिकेचा सर्वत्र गाजावाजा असेल तिच्याकडे वळतो. बहुतेकांची दुसरी पसंती असलेली मालिका या पद्धतीत कायम दुसरीच राहते, आणि दुसऱ्या पसंतीला एमीमध्ये काही किंमत नाही. हे अन्यायकारक आहे असे माझे मत आहे, परंतु त्यात लबाडी नाही.

याचे ताजे उदाहरण 2025 चे आहे. त्या वर्षी ‘सेव्हरन्स’ला सर्वाधिक, म्हणजे 27 नामांकने होती आणि सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली 13 नामांकनांची ‘द पिट’. नामांकनांचा आकडा मुख्यतः मालिकेच्या घडणीवर अवलंबून असतो. भव्य नेपथ्य, खास संगीत, दृश्यपरिणाम आणि पात्रांची मोठी फौज असली की जितके विभाग तितक्या प्रवेशिका जातात. ‘द पिट’सारख्या, रुग्णालयातल्या एका पाळीत घडणाऱ्या मालिकेला तितक्या जागाच नसतात. म्हणून वर्तमानपत्रांत ‘सर्वाधिक नामांकने’ असा मथळा दिसला तर त्यावरून विजेत्याचा अंदाज बांधू नये.

विजयांच्या आकड्याचेही तसेच आहे. आपण जो सोहळा पाहतो तो एकूण पुरस्कारांचा लहानसा भाग असतो. वेशभूषा, ध्वनी, छायाचित्रण, पाहुणे कलाकार वगैरेंचे बहुसंख्य पुरस्कार आदल्या आठवड्यात ‘क्रिएटिव्ह आर्ट्स’ नावाच्या वेगळ्या सोहळ्यात दिले जातात. 2024 मध्ये ‘शोगुन’ने एका वर्षात 18 पुरस्कारांचा विक्रम केला, त्यांतले 14 आधीच वाटले गेले होते. बहुतांश जपानी संवाद असलेली ती मालिका सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकाही ठरली. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या मालिकेला हा मान प्रथमच मिळाला. त्याच वेळची दुसरी गंमत अशी की, ‘द बेअर’ने 11 पुरस्कार घेतले आणि सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका मात्र ‘हॅक्स’ ठरली. (‘द बेअर’ विनोदी आहे का, हा वाद आपल्याकडेही बराच रंगला होता. पूर्वी अर्ध्या तासाच्या आतली ती विनोदी, असा ठोकळेबाज नियम होता. 2021 मध्ये तो काढून टाकला आणि आता निर्माते स्वतःच विभाग निवडतात.)

वर्षांच्या बाबतीतही सावध राहावे. पात्रतेचे वर्ष 1 जून ते 31 मे असे धरतात, नामांकने जुलैमध्ये जाहीर होतात आणि सोहळा साधारणपणे सप्टेंबरमध्ये असतो. त्यामुळे पुरस्कार मिळतो तोवर कधीकधी मालिकेचा पुढचा हंगाम येऊन गेलेला असतो. ‘द बेअर’ने 2024 च्या सप्टेंबरमध्ये बक्षिसे घेतली ती दुसऱ्या हंगामासाठी, तेव्हा प्रेक्षक तिसऱ्या हंगामाबद्दल कुरकुर करत होते. त्यातच लेखक आणि अभिनेत्यांच्या संपामुळे 2023 चा 75 वा सोहळा 15 जानेवारी 2024 ला झाला, म्हणून 2024 या एकाच वर्षात विजेत्यांच्या दोन याद्या सापडतात.

‘दिल्ली क्राइम’चे उत्तर त्यामानाने सोपे आहे: तो पुरस्कार वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय एमी न्यूयॉर्कची एक स्वतंत्र संस्था देते, सोहळा नोव्हेंबरमध्ये होतो आणि तो मुख्यतः अमेरिकेबाहेर निर्माण झालेल्या कार्यक्रमांसाठी असतो. ‘दिल्ली क्राइम’ 2020 मध्ये तिथे सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मालिका. 2023 मध्ये वीर दास यांना विनोदी विभागात पुरस्कार मिळाला, तोही ‘डेरी गर्ल्स’बरोबर विभागून. या यादीत आपल्याकडची नामांकने बरीच आहेत: राधिका आपटे, अर्जुन माथूर, नवाजुद्दीन सिद्दीकी, शेफाली शाह, जिम सर्भ आणि 2025 मध्ये दिलजित दोसांझ. सप्टेंबरच्या एमीसाठी परदेशी मालिका पात्र ठरायची असेल तर निर्मितीत अमेरिकी भागीदार असावा लागतो. ‘स्क्विड गेम’ कोरियन असूनही त्या यादीत दिसते ती नेटफ्लिक्समुळे.

मराठी मालिका यात कुठे बसते, असे आपण पुढे विचाराल म्हणून सांगतो. इफ्फीमध्ये, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, 2023 पासून वेब मालिकेला पुरस्कार दिला जातो, रक्कम दहा लाख रुपये. 2024 मध्ये तो निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘लंपन’ या मराठी मालिकेला मिळाला, आणि तिच्यासमोर ‘कोटा फॅक्टरी’ व ‘ज्युबिली’ यांसारखी गाजलेली नावे होती. तिथे निर्णय परीक्षक मंडळाचा असतो, हजारोंच्या मतांचा नव्हे. गाजावाजा कमी असलेल्या कृतीला अशा पद्धतीत अधिक संधी मिळते, असे मला वाटते.

पाहण्यासाठी काही निवडायचे असेल तर मी विजेत्यांच्या यादीऐवजी लेखनाची नामांकने आधी वाचतो, कारण ती नावे लेखकांनीच सुचवलेली असतात. ‘द वायर’ आज सर्वोत्तम मालिकांत गणली जाते, परंतु सर्वोत्कृष्ट मालिकेचे नामांकन तिला पाच हंगामांत एकदाही मिळाले नाही. तिची एकूण दोनच नामांकने, 2005 आणि 2008 ची, आणि दोन्ही लेखनासाठी.